पाण्यानं खाल्लेलं ॲल्युमिनियम: रोव्हर व्ही-८ च्या इनटेक मॅनिफोल्डची दुरुस्ती

टेबलावर जो तुकडा ठेवला आहे तो इनटेक मॅनिफोल्ड. मागं बसलेल्यांना तो पाय पसरलेल्या कोळ्यासारखा दिसत असेल. काम साधं आहे: कार्ब्युरेटरमधून आलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण आठ सिलिंडरांना वाटून द्यायचं. पण या विशिष्ट मॅनिफोल्डला आणखी एक काम लावलेलं आहे आणि आजचं सगळं व्याख्यान त्या दुसऱ्या कामामुळे आहे. दोन्ही हेडमधून गरम होऊन आलेलं पाणी याच्या पुढच्या भागातून थर्मोस्टॅटकडे जातं. म्हणजे एकाच ओतीव तुकड्यात एका भिंतीच्या अलीकडे पाणी, पलीकडे पेट्रोलची वाफ, आणि खाली इंजिनचं तेल. भिंत गेली की हे तिघे एकमेकांना भेटतात.

गाडी आहे रोव्हर पी-५-बी. यातला ‘बी’ म्हणजे ब्यूइक. अमेरिकेत ब्यूइकनं १९६१ ते १९६३ या काळात २१५ घनइंचांचं, ब्लॉकसकट ॲल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन गाड्यांना बसवलं आणि मग सोडून दिलं. रोव्हरनं १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले, १९६७ मध्ये ते ३५२८ सीसीचं करून या गाडीत घातलं. पुढे तेच रेंज रोव्हरमध्ये गेलं, मॉर्गनमध्ये गेलं, एमजीबीमध्ये गेलं. १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान म्हणून डाउनिंग स्ट्रीटवर उतरल्या त्या पी-५-बीमधूनच. आम्ही तिघे बर्मिंगहॅमजवळ राहतो, ही गाडी जिथं बनली ते सोलिहल आमच्या शेजारचंच. शनिवार-रविवार हेच काम.

आमच्या गाडीचं दुखणं असं सुरू झालं: रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायचं, पण जमिनीवर थेंब नाही. होजपाइप कोरडे, पंप कोरडा. मग तेल भरायचं झाकण काढलं तर आत ताकाच्या फेसासारखा पांढरट थर. इथं एक सावधगिरी सांगतो. थंडीत गाडी रोज जवळच्याजवळ फिरवली तरी झाकणाखाली असा फेस जमतो, त्यावरून लगेच इंजिन उघडू नका. डिपस्टिक बघा. आमच्या डिपस्टिकवरचं तेलही दुधाळ होतं, म्हणजे प्रश्न मिटला. कूलिंग सिस्टिमला हातपंपानं दाब दिला, काटा हळूहळू खाली आला. बाहेर थेंब नाही, म्हणजे पाणी आतच जात होतं. तेलात पाणी घेऊन इंजिन चालवलं तर बेअरिंग जातात, आणि मग खर्च मॅनिफोल्डचा राहत नाही, अख्ख्या इंजिनचा होतो.

मॅनिफोल्ड काढला. बारा बोल्ट, त्यातले दोन हट्टी. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट वर्षानुवर्षं बसला की मध्ये पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट फिरताना आटे सोबत घेऊन येतो. गरम करायचं, थंड होऊ द्यायचं, तेल मुरू द्यायचं, थोडं घट्ट करायचं, मग थोडं सैल करायचं. याला अर्धा दिवस लागला तर लागू द्या. आमचे एका बोल्टाचे आटे गेलेच. तिथं भोक मोठं करून नवे आटे पाडले आणि स्प्रिंगसारखी वेटोळ्याची स्टीलची बुशिंग बसवली. ती मूळ आट्यांपेक्षा मजबूत असते, त्यामुळे वाईट वाटून घेण्याचं कारण नाही.

खाली पाण्याच्या पुढच्या दोन तोंडांपाशी धातू वाळवी लागल्यासारखा खाल्लेला होता. गॅसकेट जिथं दाबून बसतं तिथंच खड्डे, आणि एक खड्डा पाण्याच्या कडेपासून थेट तेलाच्या बाजूपर्यंत पोचलेला. हे का होतं? ॲल्युमिनियम, रेडिएटरचं तांबं-पितळ आणि गॅसकेटचा स्टीलचा पत्रा एकाच पाण्यात बुडालेले असले की त्याची बारीकशी बॅटरी होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. अँटिफ्रीझमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात म्हणून एरवी हे चालून जातं. पण ती द्रव्यं संपतात. जुन्या पद्धतीचं निळं-हिरवं अँटिफ्रीझ दोन वर्षांनी बदलायचं असतं. लोक म्हणतात रंग छान आहे अजून. रंग राहतो, औषध संपतं. आधीच्या मालकानं तर वरून नळाचंच पाणी घातलेलं दिसत होतं. बर्मिंगहॅमचं पाणी वेल्सच्या एलान खोऱ्यातून येतं, मऊ असतं, क्षार धरत नाही, म्हणून इथल्या लोकांना ते निर्धोक वाटतं. ते मऊ असलं तरी ॲल्युमिनियमचं रक्षण करत नाही.

आता आमची चूक. पहिल्यांदा आम्ही खड्डे घासले, दोन भागांचा धातूमिश्रित इपॉक्सी भरला, कानशीनं सपाट केला. दिसायला सुरेख. एक उन्हाळा चाललं आणि मग पुन्हा ताक. इपॉक्सी कडेनं सुटला होता. गरम ग्लायकॉलमध्ये तो मऊ पडत जातो, शिवाय ॲल्युमिनियम तापून जितकं पसरतं तितकाच तो पसरेल असं नाही. आमचं मत असं: खड्डा पाण्यापासून लांब, बाहेरच्या कडेला असेल तर इपॉक्सी खुशाल वापरा. पाणी अडवणाऱ्या रेषेवर मात्र नको. याच्याशी वाद घालणारे अनुभवी लोक आहेत, पण आम्ही दोनदा इंजिन उघडलं आहे.

मग वेल्डिंग. आपल्याकडे ज्याला आर्गन वेल्डिंग म्हणतात ते. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, ही मिश्रधातूची ओतीव वस्तू त्याच्याही आधी. पण त्याच्यावर ऑक्साइडचा जो पापुद्रा असतो तो दोन हजार अंशांच्या वर वितळतो. म्हणजे आतलं लोणी पातळ झालं तरी वरची साय तशीच, आणि दोन बाजू एक होत नाहीत. म्हणून इथं एसी करंट लागतो: लहरीची एक बाजू पापुद्रा फोडते, दुसरी उष्णता देते. आणि ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. आत्ता घट्ट होतं, आत्ता टेबलावर सांडलं, असं होतं.

पण खरी मेहनत वेल्डिंगच्या आधीची आहे. पन्नास वर्षं तेल आणि ग्लायकॉल प्यायलेलं ओतकाम आहे हे, त्याच्या छिद्राछिद्रांत ते मुरलेलं असतं. ज्योत लागली की आतून वर येतं आणि वेल्ड काळा, फुटाण्यासारखा फुटका होतो. आम्ही आधी खाल्लेला भाग पांढरा चकचकीत धातू दिसेपर्यंत बरनं कोरून काढला. ॲसिटोननं पुसला. मग तुकडा दोनशे अंशांवर काही तास भट्टीत ठेवला, बाहेर आलेला तेलकट ओघळ पुन्हा पुसला, पुन्हा ठेवला. हे घरच्या ओव्हनमध्ये करू नका, त्या वासाचा केक कोणी खाणार नाही. स्टेनलेसचा ब्रश घ्या, आणि तो आयुष्यात कधी लोखंडाला लावलेला नसावा.

दोन गोष्टी मात्र जिवाच्या आहेत. लोखंडी ब्लॉक धुवायला काही गॅरेजमध्ये कॉस्टिक सोड्याचा हौद असतो. त्यात ॲल्युमिनियम टाकू नका. तुकडा विरघळतो आणि हायड्रोजन निघतो, जो एका ठिणगीनं पेटतो. दुसरं, क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वेल्डिंगच्या आधी वापरू नका. आर्कच्या प्रकाशात आणि उष्णतेत त्यातून फॉस्जीन वायू बनतो, तो पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला होता.

वेल्डिंगसाठी मॅनिफोल्ड जाड स्टीलच्या पट्टीवर बोल्टनं जखडला, साधारण १२० अंशांपर्यंत तापवला, आणि सिलिकॉन असलेली ४०४३ तार वापरून इंच-इंचभराचे टाके घातले. एक इकडे, एक तिकडे, मध्ये थांबून. सलग ओढलं तर तुकडा केळ्यासारखा वाकतो. शेवटी जाड उष्णतारोधक कापडात गुंडाळून रात्रभर निवू दिला.

सकाळी वर आलेला धातू कानशीनं उतरवला. कानशीला आधी खडू चोळायचा, नाहीतर ॲल्युमिनियम दात्यांत भरून बसतं. मग मिलिंग मशिनवर तोंड मारलं. इथं हात आवरावा लागतो. व्ही इंजिनात मॅनिफोल्ड दोन उतारांच्या मध्ये पाचरीसारखा बसतो. समजा तोंड ४५ अंशांत आहे आणि दोन्हीकडून अर्धा मिलिमीटर उतरवला, तर मॅनिफोल्ड सुमारे ०.७ मिलिमीटर खाली बसतो. बोल्टांची भोकं सरकतात, पोर्टच्या कडा जुळेनाशा होतात. म्हणून वेल्ड सपाट होईल इतकंच घ्यायचं. सरळपट्टी लावून ०.१ मिलिमीटरची फीलर पट्टी कुठंही आत जाता कामा नये, असं आम्ही धरतो.

मग पाण्याची सगळी तोंडं रबर आणि पट्ट्यांनी बंद केली, आत एक बार हवा भरली आणि गरम पाण्याच्या टबात बुडवला. वेल्डपाशी एक बुडबुडा नाही. पण त्यापासून चार बोटं लांब, जिथं आम्ही हातही लावला नव्हता, तिथून सुईच्या टोकाएवढे बुडबुडे. ओतकामातलंच जुनं छिद्र, बहुधा इतकी वर्षं मळानं बुजलेलं, आमच्या भट्टीनं मोकळं केलं. तिथं पुन्हा वेल्ड केला नाही. निर्वात टाकीत ठेवून छिद्रांत राळ शोषून घ्यायला लावणारे कारखाने इथं आहेत, ओतकामाच्या धंद्यात ती रोजची गोष्ट आहे. तिकडे पाठवला. परत आल्यावर टबात वीस मिनिटं ठेवला, पाणी स्तब्ध.

बसवताना नवं व्हॅली गॅसकेट, कोपऱ्यांत सीलंटचा अगदी छोटा ठिपका, बोल्ट मधून बाहेरच्या दिशेला दोन-तीन फेऱ्यांत. तेल आणि फिल्टर बदललं, शंभर मैलांनी पुन्हा बदललं.

श्रोत्यांतून प्रश्न आला आहे की दुसरा जुना मॅनिफोल्ड सरळ विकत का घेतला नाही. बघितला होता. हे इंजिन चाळीसएक वर्षं बनत होतं, त्यामुळे तुकडे मिळतात. पण गाडीगणिक कार्ब्युरेटर आणि त्यांची बैठक बदलते, बॉनेट बंद होईल याची खात्री नसते, आणि जो एक जुळणारा मिळाला त्याची पाण्याची तोंडंही अशीच खाल्लेली होती.

दुसरा प्रश्न कोल्हापूरहून, घरात प्रीमियर पद्मिनी आहे, तिला यातलं काही लागू आहे का. आहे. तिचा ब्लॉक लोखंडी पण हेड ॲल्युमिनियमचं, म्हणजे पाण्यातली ती बॅटरी तुमच्याकडेही आहे. आर्गनवाला गाठाल तेव्हा त्याला भाव विचारण्याआधी एवढंच विचारा, तुकडा धुणार कशानं आणि तापवणार किती. आणि रेडिएटरचं झाकण उघडून, इंजिन थंड असताना, आत काय आहे ते आजच बघा.