रापीची धार

लक्ष्मी रस्त्यावरून हौसेने घेतलेल्या कोल्हापुरीचा पट्टा तुटतो. कोपऱ्यावरच्या चर्मकाराकडे ती देताना आपले लक्ष घड्याळाकडे असते. त्याचे कातड्याच्या काठाकडे. दोन थर तसेच शिवले, तर जोडाला उंचवटा येतो आणि तो पायाला चावतो. म्हणून आधी दोन्ही काठ तासून पातळ करायचे. हे काम रापीचे.

रापीचे पाते एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने उतरते ठेवतात. सगळी मेख त्या उतारात. तो आखूड राहिला तर पाते कातड्यात अडते. फार लांब झाला तर धार दुमडते. दगडावर उतार घासताना कड सपाट बाजूला किंचित वळते. बोटाला ती खरखर जाणवली, की पाते उलटून, सपाट टेकवून ती काढायची. शेवटी कातड्याच्या पट्टीवर धार मागे ओढत फिरवायची. घाईने यंत्राच्या चाकावर धरले, तर पाते तापून निळे पडते, पोलादाचे पाणी उतरते. बोथट रापी तर अधिकच धोक्याची. तिला जोर लागतो आणि जोरात हात निसटतो.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला मांडल्या, तेव्हा आपण सारे रागावलो. ते योग्यच होते. पण कोपऱ्यावर दुरुस्तीच्या दामासाठी घासाघीस करणारेही आपणच! पुढच्या वेळी पैसे देण्याआधी जोडावरून बोट फिरवून पाहा. तो हाताला लागला नाही, तर दाम त्याचेच आहेत.