संमती कोणाची, मोबाईल कोणाचा?

घाटी रुग्णालयात जालना, बीड, परभणीहून येणाऱ्या रुग्णाच्या हाती बहुधा एक प्लॅस्टिकची पिशवी असते. जुने केसपेपर, रक्ताचे अहवाल, दुमडलेले एक्स-रे असा आजाराचा सारा इतिहास तीत असतो. पिशवी एस.टी.त राहिली, की तपासण्या पुन्हा आणि खर्चही पुन्हा. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानाने हे कागद १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाशी जोडावयाचे योजिले, हे स्वागतार्हच होय.

कोणते कागद, कोणत्या कारणासाठी, किती मुदतीपर्यंत डॉक्टरांनी पाहावेत, हे यात रुग्णाने ठरवावयाचे असते. दिलेली संमती परतही घेता येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यालाही संमती मुक्त व विनाअट असणेच अभिप्रेत आहे. कागदोपत्री याहून अधिक काय मागावे?

परंतु नकाराची किंमत परवडते, तेव्हाच निवड खरी, असे आमचे अर्थशास्त्र सांगते. मागे रांग खोळंबली असता अटी कोण वाचणार? त्यातून अनेक घरांत मोबाईल एकच, आणि तो नवऱ्याच्या वा मुलाच्या खिशात. संमतीचा ओटीपी त्याच्याच हाती पडतो. क्षयरोगाचा वा गर्भपाताचा कागद बाईला निदान लुगड्याच्या घडीत लपविता येत होता. आता नोंद तिची आणि किल्ली दुसऱ्याची.

नोंदणीच्या खिडकीपाशी तिला एकटीला बाजूस घेऊन, तिला कळेल अशा बोलीत विचारणारी एक परिचारिका नेमण्यास कितीसा खर्च येईल? आणि ‘आभा’ ऐच्छिक आहे, एवढे तरी खिडकीवर ठळक अक्षरांत लिहावे.