एका आयुष्यावरून किती बोलता येतं? संशोधनासाठी आत्मचरित्रं वाचताना

पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो : "आत्मचरित्रं वाचायला आवडतात, पण संशोधनात ती चालतात का? गाईड म्हणतील, ही एका माणसाची गोष्ट झाली, पुरावा कुठे आहे?"

चालतात. पण 'पुरावा कशाचा?' हे आधी ठरवावं लागतं. दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) वाचून महाराष्ट्रात किती टक्के लोक गाव सोडून मुंबईला आले हे सांगता येणार नाही, त्यासाठी जनगणना आहे. मात्र गाव सुटल्यावरही जात कशी सुटत नाही, आणि त्याबद्दल लिहिताना माणसाला काय वाटतं, हे जनगणनेच्या तक्त्यात सापडत नाही. त्यासाठी 'बलुतं'च उघडावं लागतं.

पहिली अडचण : पुस्तक कपाटात कुठे आहे?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा नाही. ड्यूई दशांश पद्धतीने लावलेल्या ग्रंथालयात चरित्रं साधारण ९२० ला असतात, मराठी साहित्य ८९१.४६ ला आणि सामाजिक गटांवरची पुस्तकं ३०५ ला. आता 'बलुतं' कुठे ठेवायचं? साहित्य म्हणून, चरित्र म्हणून, की जातीवरचं पुस्तक म्हणून? प्रत्येक ग्रंथालय आपल्या परीने ठरवतं. त्यामुळे फक्त ९२० चं कपाट बघून "आमच्याकडे काही नाही" असं म्हणू नका. लेखकाच्या नावाने तालिका शोधा आणि ग्रंथपालांना विचारा. एखादं आयुष्य कुठल्या कपाटात गेलं यावरूनही त्याच्याकडे कसं बघितलं गेलं हे कळतं.

काय वाचावं? जोडीने वाचावं

एकच आत्मचरित्र वाचलं की ते अख्ख्या समाजाचं प्रतिनिधी वाटायला लागतं. हा धोका टाळायचा सोपा मार्ग म्हणजे जोड्या लावून वाचणं. चार जोड्या सुचवते.

१) रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' (१९३० च्या दशकात भागाभागाने आलेलं). दोघींनीही मोठ्या नवऱ्यासोबतचा संसार सांगितलाय. रमाबाईंच्या पुस्तकाचा रोख न्यायमूर्तींवर आहे, पण त्यांना शिकवलं जात होतं तेव्हा घरातल्या बायकांनीच कसा विरोध केला, ते त्यातूनच कळतं. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या धर्मांतरासारखा प्रसंगही विनोदाची धार न सोडता सांगतात. काळ जवळपास एकच, आवाज अगदी वेगळे.

२) बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' (१९८६) आणि ऊर्मिला पवार यांचं 'आयदान' (२००३). पहिल्याच्या शीर्षकातच 'आमुचं' आहे, 'माझं' नाही. सांगणारी एक आणि आयुष्य साऱ्या वस्तीचं. 'आयदान' म्हणजे कोकणात बांबूपासून विणलेल्या वस्तू. ऊर्मिलाबाईंची आई त्या विणायची. इथे 'मी' जास्त ठळक आहे : शिक्षण, नोकरी, लेखन आणि घरातली ओढाताण.

३) लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' (१९८७). दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'भटके-विमुक्त' हा एकच शब्द आपण वापरतो, पण कैकाडी कुटुंबाची भटकंती आणि जन्मतःच 'गुन्हेगार' ठरवलेल्या समाजातलं बालपण यांत किती फरक आहे, हे ही जोडी दाखवते.

४) डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांचा मृत्यू १८८७ सालचा. कॅरोलाइन डॉल यांनी लिहिलेलं इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये अमेरिकेत आलं, काशीबाई कानिटकरांनी मराठीत चरित्र लिहिलं, आणि श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ मध्ये आली. आयुष्य एकच, पण सांगणारे तीन, वाचक तीन प्रकारचे. कादंबरीतला संवाद प्रबंधात पुरावा म्हणून देता येत नाही, हे इथेच शिकून घ्या.

वाचताना तीन प्रश्न

पहिला : लिहिलं कोणी? फ्रेंच अभ्यासक फिलिप लजन यांनी १९७५ मध्ये 'आत्मचरित्रात्मक करार' ही कल्पना मांडली. म्हणजे काय, तर लेखक, निवेदक आणि मुख्य पात्र ही एकच व्यक्ती आहे, असा शब्द पुस्तक वाचकाला देतं. आता हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' (१९७०) घ्या. आयुष्य त्यांचं, शब्दांकन अरुण साधूंचं. मग एखाद्या वाक्यरचनेवरून "हंसाबाई अशा बोलायच्या" असं लिहिता येईल का? जपूनच.

दुसरा : काय सांगितलेलं नाही? बेबीताईंनी कित्येक वर्षं हे लेखन नवऱ्यापासून लपवून ठेवलं होतं. स्वतःच्या संसारातल्या मारहाणीबद्दल त्या मोकळेपणाने बोलल्या त्या माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीत. म्हणून प्रस्तावना, मुलाखत, पुढच्या आवृत्तीतली भर, हे सगळं वाचायचं. मौन हीसुद्धा माहिती असते, पण त्याचा अर्थ मनाने लावायचा नाही.

तिसरा : मी हे कशासाठी वापरतोय किंवा वापरतेय? शर्मिला रेगे यांनी २००६ च्या पुस्तकात दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना 'टेस्टिमोनिओ' म्हटलं. ही लॅटिन अमेरिकेतली संज्ञा. त्यात एक व्यक्ती बोलते, पण साक्ष समूहाच्या लढ्याची असते. साक्षीतून फक्त हालअपेष्टांचे उतारे उचलले आणि त्यातला विचार, संघटन, राग सोडून दिला, तर ती व्यक्ती तुमच्या प्रबंधात नुसता 'नमुना' होऊन बसते. आपलं आयुष्य स्वतः मांडणाऱ्या लेखिकेला आपण पुन्हा एकदा गप्प करतो. ही नैतिक चूक तर आहेच, शिवाय संशोधन म्हणूनही ते कच्चं आहे, कारण पुस्तकाचा अर्धा युक्तिवाद आपण वाचलेलाच नसतो.

या लेखिकांना फक्त 'माहिती देणाऱ्या' समजू नका. ऊर्मिला पवारांनी मीनाक्षी मून यांच्यासोबत आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) लिहिलं. मौखिक इतिहास म्हणजे काय हे शिकायचं असेल, तर परदेशी हँडबुकाच्या आधी हे पुस्तक वाचा, आणि मग 'आयदान'. संशोधन करणारी बाई स्वतःबद्दल लिहिते तेव्हा काय होतं, ते दिसेल.

या आठवड्यात करून बघा

वरची एक जोडी निवडा. लग्न, शाळेचा पहिला दिवस किंवा गाव सोडणं, असा एखादा समान प्रसंग दोन्हींत शोधा. वहीच्या पानावर तीन रकाने आखा : काय घडलं, ते कसं सांगितलं, काय सांगितलं नाही. पृष्ठक्रमांक आणि आवृत्तीचं वर्ष तिथल्या तिथे लिहा, नंतर ते सापडत नाही. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. तुमचा संशोधनप्रश्न बहुधा त्याच रकान्यात सापडेल.