कड बघून घ्यावी अशी सॅक

सायन स्टेशनवरून पश्चिमेला धारावीकडे निघालं की थोड्याच वेळात रस्त्याला लागून चामड्याच्या मालाची दुकानं सुरू होतात. काचेची दारं, आत एसी, भिंतभर जॅकेटं, पाकिटं, पट्टे, ऑफिसच्या बॅगा. आणि अलीकडे सगळ्यांच्या पुढे टांगलेल्या लेदरच्या सॅक. पूर्वी लेदरची बॅग म्हणजे वकिलाची नाहीतर एलआयसी एजंटची, हातात धरायची. लॅपटॉप आला, लोकलची गर्दी होतीच, दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून बॅग पाठीवर गेली. ती जिथे शिवली जाते ती जागा दुकानापासून हाकेच्या अंतरावर असते: मागच्या गल्लीत, लोखंडी शिडी चढून, माळ्यावर.

लोक इथे स्वस्त मिळतं म्हणून येतात, आणि ते खोटं नाही. पण मला विचाराल तर धारावीत येऊन सॅक घेण्याचं खरं कारण वेगळं आहे. मॉलमध्ये बॅग समोरून दाखवतात. इथे ती उलटी करून, अस्तर बाहेर ओढून, कड चिमटीत धरून बघता येते आणि कोणी नाक मुरडत नाही. चामड्याच्या वस्तूतली कारागिरी आणि लबाडी, दोन्ही कडेलाच सापडतात.

धारावीत चामडं आलं ते वासामुळे. कातडी कमावण्याचा धंदा कोणालाच शेजारी नको असतो. मुंबईचा कत्तलखाना तेव्हा वांद्र्याला होता आणि खाडीकाठची धारावी शहराच्या वेशीबाहेर. तिथे टॅनऱ्या उभ्या राहिल्या. तमिळनाडूतून, विशेषतः तिरुनेलवेलीकडून, कातड्याच्या धंद्यातली मुसलमान कुटुंबं आली. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या पट्ट्यातून ढोर-कक्कय्या आणि चर्मकार समाजाची माणसं आली. गावगाड्यात कातडं कमावणं ढोराकडे आणि शिवणं चांभाराकडे अशी वाटणी होती, आणि दोघांचंही घर गावकुसाबाहेर. शहराने तीच रीत मोठ्या मापात चालवली. धारावीतल्या रस्त्यांना संत रोहिदास आणि संत कक्कय्या यांची नावं आहेत ती या इतिहासामुळे. कक्कय्या बाराव्या शतकातले, बसवण्णांच्या शरणांपैकी एक.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कत्तलखाना देवनारला गेला. शहर पसरत गेलं, वेशीबाहेरची धारावी त्याच्या मध्यावर आली, शेजारी वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) उभं राहिलं, आणि टॅनऱ्या एकेक करून बंद पडल्या. शिवणकाम मात्र राहिलं. आज इथे कापलं जाणारं चामडं बहुतांशी चेन्नई, कानपूर, कोलकाता इथून तयार होऊन येतं. शिवणारे हात बरेचसे बिहार आणि उत्तर प्रदेशातले आहेत.

मार्च २०१५मध्ये राज्याच्या प्राणी संरक्षण कायद्यातल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. गाईच्या कत्तलीला १९७६च्या कायद्याने बंदी होतीच. आता बैल आणि वळूही त्यात आले. माल तुटला, धंदा बसला, अशी ओरड तेव्हा धारावीतून झाली. म्हैस आणि बकरीवर भर वाढला, काहींनी सरळ रेक्झीन धरलं. त्यानंतरच्या काळात सुधीर राजभर यांनी ‘चमार स्टुडिओ’ काढला आणि चर्मकार कारागिरांना हाताशी धरून चामड्याऐवजी टाकाऊ रबरापासून बॅगा करायला घेतल्या. जे नाव शिवीसारखं फेकलं जातं, ते त्यांनी ब्रँड म्हणून लावलं. मला हे धाडस आवडतं, पण रोजच्या सॅकला मी अजूनही चामडंच पसंत करतो. त्याची कारणं माळ्यावर दिसतात.

खोली कितीही लहान असो, तिला कारखानाच म्हणतात. कटिंग करणारा कातडं पसरतो आणि आधी नुसतं बघतो. कातडं सगळीकडे सारखं नसतं. पाठीच्या कण्याजवळचं घट्ट आणि दाट. पोटाकडचं, पायांच्या बेचक्यातलं सैल, ताणलं की वाढणारं. जनावर काटेरी तारेला घासलेलं असतं, गोचिडांनी पोखरलेलं असतं, त्या खुणा कमावल्यावरही जात नाहीत. पुठ्ठ्याचे फर्मे ठेवून, चंदेरी पेनने रेषा मारत तो ठरवतो: पट्टे पाठीतून, पुढची बाजू जिथे डाग नाही तिथून, पोटाकडचे तुकडे आतल्या खिशांना. इथे कंजुषी करून पट्टे पोटातून काढले, तर काही महिन्यांत एक पट्टा दुसऱ्यापेक्षा लांब होतो आणि सॅक पाठीवर तिरकी बसते. गिऱ्हाइकाला वाटतं, बक्कल सरकतंय.

मग छिलाई. जिथे दोन तुकडे एकावर एक येऊन शिवले जाणार, तिथली कड रापीने, म्हणजे चांभाराच्या सुरीने, किंवा मशीनने पातळ करतात. दीड-दोन मिलिमीटरचं चामडं तसंच दुमडलं तर तीन-चार मिलिमीटरचा ठोकळा होतो. सुईला जड आणि खांद्याला टोचणारा. रापी हातात तिरपी धरून, दगडी लादीवर कड आडवी ठेवून कारागीर एका दमात पुढे ढकलतो आणि चामड्याची सलग साल निघत जाते. जास्त निघाली तर नेमकी दुमडीवर कड फाटणार. पुढे सोल्युशन लावायचं, ते किंचित सुकू द्यायचं, दुमडायचं, हातोडीने ठोकायचं आणि मशीनवर घ्यायचं. इंचाला साधारण सहा ते आठ टाके. कापडाच्या सवयीने वाटतं की टाके दाट तितकी शिलाई पक्की. चामड्यात प्रत्येक टाका म्हणजे कायमचं भोक. भोकं फार जवळ आली की त्या रेषेवर चामडं फाटायला तयारच असतं.

मजुरी पीसवर. शेवटी लेबल लागतं, तेही माल उचलणारा आणून देईल ते. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून जीआय मानांकन मिळालं. धारावीची सॅक मात्र कुठल्याही नावाने कुठल्याही शहरात जाते. त्यामुळे लेबल वाचून काही कळत नाही. हाताने बघावं लागतं.

जाड कातडं मशीनवर आडवं चिरून त्याचे थर करतात. केस असतात त्या बाजूचा वरचा थर दाट तंतूंचा, तो सगळ्यात टिकाऊ. तो तसाच ठेवला तर फुल ग्रेन. ओरखडे घालवायला वरून घासून फिनिश दिलं तर टॉप ग्रेन. खाली उरतं ते स्प्लिट. स्प्लिटवर प्लास्टिकचा लेप देऊन रोमछिद्रांची छाप मारतात आणि ‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का बसतो. शिक्का खोटा नाही, चामडं आहेच त्यात. मागची बाजू बघितली तर खरे तंतूही दिसतात, म्हणून नुसतं उलटं करून बघणारे फसतात. कड बघावी. न दुमडलेली, न रंगवलेली एखादी कड आतल्या खिशाला किंवा पट्ट्याच्या टोकाला हमखास सापडते. तिथे तंतूंच्या वर दुधावरच्या सायीसारखा वेगळा थर दिसला, तर ते लेप दिलेलं स्प्लिट. वरपासून खालपर्यंत तंतूच तंतू दिसले, तर पुढे बोलायला हरकत नाही. लायटर लावून बघायचा सल्ला देणारे भेटतील. दुकानदाराच्या मालाला काडी लावायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

भावाचं गणितही मदतीला येतं. मध्यम सॅकला वाया जाणारं धरून दहा-बारा चौरस फूट चामडं लागतं, आणि बरं फिनिश चामडं फुटाला शंभराच्या आसपास किंवा पुढेच असतं. त्यावर अस्तर, चेन, बक्कल, मजुरी, दुकानाचं भाडं. तेव्हा हजाराच्या आत ‘प्युअर लेदर’ म्हणून कोणी सॅक दिली, तर ती घेऊ नये असं नाही. ती पीयू, म्हणजे कृत्रिम लेदर, आहे हे धरून घ्यावी. मुंबईच्या दमट हवेत बरंचसं पीयू काही वर्षांत चिकट होतं आणि पापुद्रे सोडतं, न वापरता कपाटात ठेवलं तरीही. भंगाराच्या टोपलीत सोललेल्या बॅगा दिसतात त्या याच जातीच्या.

कमावण्याची पद्धतही विचारावी. जगातलं बहुतेक चामडं आज क्रोमवर कमावलेलं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही रीत निघाली आणि आठवड्यांचं काम दिवसाभरावर आलं. झाडपाल्याच्या रीतीत, म्हणजे व्हेज टॅनमध्ये, बाभळीची साल आणि हिरडा, तमिळनाडूकडे तरवडाची साल. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच घराण्यातलं. व्हेज टॅनची सॅक दिसते झकास, वापराने रंग गडद होत जातो, पण ती कडक, जड, आणि पावसाचे चार थेंब पडले की डाग. लोकलने रोज जाणाऱ्याने क्रोम घ्यावं, पुण्या-नाशकाच्या हवेत आणि स्कूटरवर जाणाऱ्याने हौस असली तर व्हेज टॅन.

खिशातला पांढरा रुमाल किंचित ओला करून सॅकच्या पाठीकडच्या बाजूवर जोरात घासावा. रंग आला, तर तो उन्हाळ्यात तुमच्या शर्टावर येणार. ही परीक्षा मी सगळ्यांत वरची मानतो, कारण घाम चुकत नाही आणि चामड्याची पाठ हवा खेळू देत नाही. पाठीला जाळीचा फोम असेल तर उत्तम. दिसायला थोडं कमी, वावरायला कितीतरी बरं.

त्यानंतर पट्टे जिथे वरून जोडले आहेत तिथे बोट घालावं. सगळं ओझं तिथे लटकतं. पट्टा दोन थरांच्या आत जाऊन चौकोन आणि त्यात फुली अशा शिलाईने बसलेला हवा. नुसता वरून एक रिबिट ठोकलेला असेल तर सॅक खाली ठेवावी. चेन पाच नंबरपेक्षा बारीक नको, मुख्य कप्प्याला आठ नंबर बरी. वायकेकेचं नाव रनरवर कोरलेलं असतं, पण कोरायला कोणालाही येतं. चेन पाच-सात वेळा कोपऱ्यावरून फिरवून बघणं जास्त खरं. आणि अस्तर फिकट रंगाचं घ्या. काळ्या अस्तरात पडलेली काळी किल्ली शोधायला लोकलमध्ये उजेड नसतो.

सगळं जमलं तरी वजन राहतंच. रिकामी लेदर सॅक सहज दीड-दोन किलो भरते, नायलॉनची त्याच्या निम्म्यात येते. शाळकरी मुलांच्या दप्तराचं वजन शरीराच्या दहा टक्क्यांहून जास्त नको असं २०२०चं सरकारी धोरण सांगतं. मोठ्यांचं दप्तर कोणी तोलत नाही. लॅपटॉप पाठीला चिकटून, चार्जर तळाशी, डबा उभा. डब्याला मात्र वेगळी पिशवी हवी. लोणच्याचं तेल चामड्यात एकदा शिरलं की बाहेर येत नाही. ज्याची मान किंवा खांदा आधीच कुरकुरतोय त्याने लेदरची सॅक घेऊच नये, त्याला नायलॉनचीच बरी.

गाडीत शिरताना सॅक पुढे घ्यायची, हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. पण पुढे घेतलेल्या सॅकची बक्कलं शेजाऱ्याच्या शर्टात अडकतात, म्हणून बाहेरून जितकं लोखंड-पितळ कमी तितकं बरं.

पाऊस हा या सॅकचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात तिला सुट्टी द्यावी आणि नायलॉनची बाहेर काढावी, असं माझं स्पष्ट मत आहे. भिजलीच तर पुसून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून, सावलीत पंख्याखाली वाळवायची. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवली की चामडं आखडून तडकतं. कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली तर आठवड्या-दोन आठवड्यांत पांढरी बुरशी. जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवली तर श्वास घेते. बुरशी आलीच तर गॅलरीत नेऊन कोरड्या फडक्याने झटकावी, मग पाण्यात पातळ केलेल्या व्हिनेगरने पुसून पुन्हा वाळवावी. वर्षातून दोन-तीनदा लेदर क्रीम पुरे. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल लावणारे पुष्कळ आहेत. ते डाग पाडतं, धूळ धरतं आणि काही दिवसांनी खवट वास मारतं.

अशी सॅक जिथे शिवली जाते त्या धारावीचा पुनर्विकास आता अदानी समूहाकडे आहे. २०२२च्या निविदेत ५,०६९ कोटींची बोली त्यांची होती. धारावीतच मोफत घर तळमजल्यावरच्या, १ जानेवारी २०००च्या आधीच्या बांधकामांना. वरच्या मजल्यांवरच्या लोकांना धारावीबाहेर भाड्याने किंवा हप्त्याने घरं, अशी योजनेची रचना आहे. लेदरचं काम बरंचसं माळ्यावर चालतं. दुकान, कटिंग, छिलाई, शिलाई, बक्कलवाला, अस्तरवाला हे सगळे एकमेकांपासून पायी अंतरावर आहेत म्हणून इथे एक नमुना दाखवला तर तो लवकर तयार होऊन येतो. यातला शिलाईवाला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला, तर टेम्पोचं भाडं सॅकच्या किमतीत चढेल, किंवा हे काम दुसरीकडे जाईल.

तोवर दुरुस्तीची सोय अजून इथेच चांगली आहे. जुनी सॅक घेऊन गेलात तर पट्ट्याचा जोड पुन्हा शिवून, अस्तर बदलून देणारे मिळतात. चेन उघडी पडायला लागली की दोष बहुधा दातांचा नसतो, रनर ढिला झालेला असतो. पकडीने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला तर काही महिने निघतात, नाहीतर नवा रनर चढवून मिळतो. त्यासाठी सगळी चेन उसवून बदलायला हवी असं कोणी सांगितलं, तर शेजारच्या दुकानात जावं.