छोट्या जलजीवालयासाठी तापकाची निवड

मासा हा अनियततापी प्राणी आहे. पक्षी आणि सस्तन प्राणी आपल्या शरीराचे तापमान आतून कायम राखतात. थोडे अपवाद सोडल्यास माशाला ते साधत नाही. भोवतालचे पाणी जितके उष्ण वा थंड, तितकेच त्याचे शरीर उष्ण वा थंड असते. पाणी गार झाले की त्याची हालचाल कमी होते, पचन मंदावते, भूक मरते आणि रोगप्रतिकाराची शक्ती क्षीण होते. थंडीच्या दिवसांत अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठून मासे दगावतात, त्यामागे पुष्कळदा पाण्याच्या तापमानात झालेला आकस्मिक बदल हे एक कारण असते. तळ्यातील मासा थंडीत खोल पाण्याचा आश्रय घेतो. काचपेटीतील माशाला अशी सोय नसते. त्याच्या पाण्याची ऊब राखणे हे पेटी घरी आणणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

तापक विकत घेण्यापूर्वी त्याची खरोखर गरज आहे काय, हे पाहिले पाहिजे. ते माशांच्या जातीवर आणि घराच्या हवामानावर अवलंबून असते. गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा असून आपल्याकडील बहुतेक शहरांत त्याला तापक लागत नाही. गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत आढळणारा झेब्रा डॅनिओ १८ ते २५ अंश सेल्सिअस तापमानात सुखाने राहतो. पश्चिम घाटाच्या ओढ्यांतून आलेला, ‘मिस केरळ’ या नावाने ओळखला जाणारा मासाही थंड आणि वाहते पाणीच पसंत करतो. याउलट एंजलफिश आणि फायटर यांना साधारण २५ ते २८ अंशांचे पाणी मानवते, तर डिस्कसला २८ ते ३० अंश ऊब हवी असते. ज्यांच्या गरजा इतक्या भिन्न आहेत, असे मासे एकाच पेटीत ठेवू नयेत. कोणताही तापक दोघांचे समाधान करू शकणार नाही.

मासे उष्ण पाण्यातले असून हिवाळा थंड असेल, तर पुढचा प्रश्न तापक किती वॅटचा असावा हा होय. येथे थोडे गणित उपयोगी पडते. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि तितक्याच उंचीची पेटी घेऊ. तिचे घनफळ ५४ लिटर भरते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता तीत सुमारे ४५ लिटर पाणी राहते. १ लिटर पाणी १ अंशाने तापवण्यास सुमारे ४,१९० ज्यूल उष्णता लागते. म्हणजे ५० वॅटच्या तापकाला हे पाणी १ अंशाने तापवण्यास तासाभरापेक्षा थोडा अधिक वेळ लागेल. अर्थात ही उष्णता वाया जात नाही असे मानले तरच!

प्रत्यक्षात काच, तळ आणि पाण्याचा पृष्ठभाग यांमधून उष्णता सतत बाहेर जात असते. झाकण असलेल्या अशा पेटीतून, पाणी व खोली यांच्या तापमानांतील प्रत्येक अंशाच्या फरकामागे स्थूलमानाने ५ वॅट उष्णता जाते असे धरावे. पाणी २५ अंशांवर राखायचे आहे. मुंबईत हिवाळ्याच्या रात्री खोलीत २१ अंश असले, तर फरक ४ अंशांचा आणि गरज २० वॅटची. २५ वॅटचा तापक पुरतो. पुण्यात किंवा नागपुरात खोलीचे तापमान १७ अंशांपर्यंत उतरले, तर ४० वॅट लागतील. तेथे ५० वॅटचा तापक घ्यावा. दिल्लीत जानेवारीमध्ये खोली १२ अंशांवर आली, तर गरज ६५ वॅटवर जाते आणि ७५ वॅटचा तापक योग्य ठरतो. ‘दर लिटरला एक वॅट’ हा जो नियम हौशी मंडळींत रूढ आहे, तो अशा मध्यम गरजेचाच आहे. सर्व ठिकाणी तो डोळे मिटून लावू नये.

पेटी जितकी लहान, तितका हा हिशेब कठीण होतो. वरील पेटीत दर लिटरमागे सुमारे १६७ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग पडतो. तिची प्रत्येक बाजू दुप्पट केली, तर हा आकडा निम्म्यावर येतो. म्हणून मोठी पेटी सावकाश निवते आणि छोटी पेटी दिवसरात्रीच्या फरकाला लगेच बळी पडते. छोट्या पेटीला काचेचे किंवा ॲक्रिलिकचे झाकण असणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

‘जास्त वॅट घेतले तर बिघडले कुठे?’ असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर तापकाच्या रचनेत आहे. नेहमीच्या तापकात काचेच्या नळीमध्ये चिनी मातीच्या गाभ्यावर नायक्रोमची तार गुंडाळलेली असते आणि वरच्या टोकाशी थर्मोस्टॅट, म्हणजे तापनियंत्रक असतो. त्यातील दोन धातूंची जोडपट्टी ऊब वाढली की वाकते व वीज तोडते. पाणी निवले की पुन्हा जोडते. हे वर्षानुवर्षे हजारो वेळा घडते आणि दर वेळी बारीक ठिणगी उडते. एखादे दिवशी हे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटून बसतात व वीज तुटेनाशी होते. अशा वेळी वरील पेटीत ५० वॅटचा तापक असेल, तर १७ अंशांच्या खोलीत पाणी सुमारे २७ अंशांवर जाऊन थांबेल, मासे वाचतील. ३०० वॅटचा असेल, तर दोन तासांच्या आत पाणी ३४ अंशांवर पोहोचेल आणि पुढेही तापतच राहील. त्यात उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना दर लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.५. माशाला श्वासाची गरज वाढलेली असते, नेमक्या त्याच वेळी पुरवठा घटतो. तेव्हा गरजेपुरताच तापक घ्यावा. जागा असल्यास एका मोठ्याऐवजी दोन लहान घ्यावेत. एक बिघडला तरी दुसरा अनर्थ टाळतो.

तापक पाण्यात संपूर्ण बुडणारा आहे, की त्याचे डोके वर ठेवावे लागते, हे विकत घेतानाच पाहावे. तो गाळणीच्या प्रवाहाजवळ बसवावा, म्हणजे ऊब सर्वत्र पसरते. तापकावरील आकड्यावर विसंबू नये. पेटीच्या दुसऱ्या टोकाला वेगळा तापमापक लावावा आणि तो रोज पाहावा. उन्हाळ्यात तापकाची वीज तोडून ठेवावी.

पाणी आणि वीज यांची संगत धोक्याची असते, हे कधीही विसरू नये. बादलीतील पाणी तापवण्याचा विजेचा रॉड जलजीवालयात कदापि वापरू नये. तो १,००० वॅट किंवा त्याहून अधिक शक्तीचा असतो, त्याला तापनियंत्रक नसतो आणि तो चालू असताना त्या पाण्यात हात घालणे जिवावर बेतू शकते. चांगल्या तापकाचीही नळी तडकू शकते. म्हणून पेटीत हात घालण्यापूर्वी नुसते बटण न दाबता प्लग काढावा. तापक पाण्याबाहेर काढायचा असल्यास वीज बंद करून पंधरा मिनिटे थांबावे. तापलेली काच हवेत फुटते. वायर सॉकेटाच्या खाली वळसा देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळणारे थेंब सॉकेटात न शिरता खाली पडतात. घराच्या वीजजोडणीत ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारा स्वयंचलित खटका बसवलेला असेल, तर तो माणसाचा जीव वाचवतो. जेथे लहान मुले आहेत, तेथे तो अनिवार्यच समजावा.

शेवटी, वीज खंडित झाली तर काय करावे? पाणी खोलीपेक्षा १० अंशांनी उबदार असेल, तर वरील पेटी पहिल्या तासात जेमतेम १ अंशाने निवेल आणि पुढे तो वेग मंदावत जाईल. म्हणून घाबरून उकळते पाणी ओतू नये. पेटीच्या बाजूंना घोंगडी किंवा जाड चादर गुंडाळावी, वर हवेसाठी फट ठेवावी आणि मासे सुस्त दिसत असतील तोवर त्यांना खाद्य घालू नये. वीज आल्यावर तापक आपले काम हळूहळू पूर्ण करील. माशांना उबेइतकीच या सावकाशीचीही गरज असते.