गायकाची भाषा आणि गावाची भाषा : रेमो फर्नांडिस यांच्या गीतांच्या निमित्ताने

वसई आणि गोवे या दोन प्रदेशांचा भाषिक इतिहास एके काळी एकाच सत्तेखाली घडत होता. पुढे त्याला दोन भिन्न वळणे लागली. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांच्या हाती आली. गोव्यात मात्र १५१० मध्ये सुरू झालेला पोर्तुगीज अंमल १९६१ च्या डिसेंबरपर्यंत टिकून राहिला. परिणामी वसईतील ख्रिस्ती समाजाचा घरगुती व्यवहार सामवेदीसारख्या बोलींतून आणि धार्मिक व वाङ्मयीन व्यवहार मराठीतून चालू राहिला. पाव, बटाटा, चावी, पगार, घमेले असे जे पोर्तुगीज शब्द वसईकरांच्या तोंडी आहेत, ते साऱ्या मराठी भाषकांच्याही तोंडी आहेत. गोव्यात याउलट पोर्तुगीज ही राज्यकारभाराची व वरिष्ठ वर्गाची भाषा, कोंकणी ही घराची, मराठी ही देवळाची, कीर्तनाची व वृत्तपत्राची, आणि १९६१ नंतर इंग्रजी ही शिक्षणाची, अशी चौपदरी रचना निर्माण झाली.

अशा प्रदेशातील गायकाला सूर लावण्यापूर्वीच एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : गावयाचे कोणत्या भाषेत? ज्याला इंग्रजीत पॉप म्हणतात त्या लोकप्रिय नागर गीताच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. कारण हे गीत ध्वनिमुद्रिकेच्या बाजारावर जगते आणि बाजाराला बहुसंख्यांची भाषा हवी असते. रेमो फर्नांडिस यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यांनी एकच भाषा न निवडता प्रत्येक भाषेकडून निराळे काम करून घेतले, आणि त्याचे मोलही दिले.

फर्नांडिस यांचा जन्म १९५३ सालचा. बारदेश तालुक्यातील शिवोली हे त्यांचे गाव. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपली तेव्हा त्यांचे वय आठ वर्षांचे होते. म्हणजे बालपणाचा पहिला भाग पोर्तुगीज अमलात आणि पुढील सारे शिक्षण भारतीय संघराज्यात, अशा संधिकालातील ही पिढी होय. मुंबईच्या सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयात त्यांनी स्थापत्याचे शिक्षण घेतले. त्याच काळात मुंबईतील तरुण वाद्यवृंदांत ते इंग्रजी रॉक संगीत वाजवीत व गात असत. १९७७ ते १९८० या काळात त्यांनी युरोप व उत्तर आफ्रिका येथे भ्रमंती केली आणि काही काळ पॅरिसमध्ये राहून तेथील मिश्रसंगीताच्या वाद्यवृंदांत भाग घेतला. त्यानंतर ते लंडनला किंवा मुंबईला न जाता शिवोलीस परतले.

हे परतणे त्यांच्या गीतांचा उलगडा करणारे आहे. परदेशी गीतांची हुबेहूब नक्कल करणे हाच त्या काळी भारतातील इंग्रजी गायकांचा मुख्य व्यवसाय होता. हॉटेलातील श्रोत्यांची मागणीही तीच असे. फर्नांडिस यांनी स्वतः रचलेली गीते ध्वनिमुद्रण संस्थांपुढे ठेवली, तेव्हा त्यांना प्रतिसाद मिळाला नाही. तेव्हा १९८४ साली त्यांनी ‘गोअन क्रेझी’ हा संग्रह शिवोलीतील घरातच, चार पट्ट्यांच्या साध्या यंत्रावर मुद्रित केला. शब्द, चाल, सर्व वाद्ये, सर्व आवाज आणि वेष्टनावरील चित्रही त्यांचेच होते. तयार झालेल्या फिती स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचविण्याचे कामही त्यांनीच केले.

या गीतांची भाषा इंग्रजी आहे. परंतु त्यांचा संबोध्य श्रोता इंग्रज नव्हे. गोव्यातील माणसे, तेथील बेशिस्त, तेथील पुढारी, न चालणारे दूरध्वनी यंत्र हे त्यांचे विषय. दूरध्वनीचा जनक ग्रॅहॅम बेल याला उद्देशून त्यांनी रचलेले उपरोधगीत गोव्यातील दूरध्वनी सेवेचा अनुभव असलेल्यालाच पुरते कळते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे संहिता परकी आहे, पण संदर्भ स्थानिक आहे. एखादी भाषा ‘आपली’ की ‘परकी’ हे तिच्या उगमावरून ठरविण्याची आपली सवय अशा ठिकाणी अपुरी पडते. वक्ता आणि श्रोता या दोघांना ज्यांच्या संदर्भाविना अर्थ पुरा होत नाही, अशा गोष्टी ज्या भाषेत बोलल्या जातात, ती त्या प्रसंगापुरती त्यांचीच भाषा होय.

तथापि येथे आक्षेप संभवतो. इंग्रजी ही गोव्यातील सुशिक्षितांची भाषा. शेतकरी वा मच्छीमार यांना ती गीते कितपत कळणार? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर अंशतः १९८५ सालच्या ‘ओल्ड गोअन गोल्ड’ या संग्रहात मिळते. त्यात कोंकणी व पोर्तुगीज भाषांतील जुनी गोमंतकीय गीते आहेत. गोव्यातील मांडो हा गीतप्रकार एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती घराण्यांच्या दिवाणखान्यात बहरला. त्याचे शब्द कोंकणी, स्वररचना पाश्चात्त्य वळणाची आणि साथ व्हायोलिन व घुमट यांची. लोकनाट्याच्या बाजूने पाहता कोंकणी ‘तियात्र’ १८९२ साली मुंबईत प्रथम रंगभूमीवर आले, आणि पुढे क्रिस पेरी व लॉर्ना यांच्यासारख्यांनी मुंबईतच कोंकणी नागर गीताला नवे रूप दिले. त्यामुळे कोंकणीत गाताना फर्नांडिस हे नवकवी नसून वारसदार असतात. इंग्रजीत ते टीका करतात, कोंकणीत व पोर्तुगीजमध्ये स्मरण करतात. ही कामाची वाटणी समाजातील भाषांच्या वाटणीशी बव्हंशी जुळणारी आहे.

याच वर्षी श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’ या चित्रपटाच्या संगीतात वनराज भाटिया यांच्याबरोबर त्यांचा सहभाग होता. गोव्यातील पोर्तुगीज सत्तेच्या अखेरीस एका घराण्यात घडणारी ही कथा आहे. १९८६ मध्ये अमली पदार्थांविरुद्धचा ‘पॅक दॅट स्मॅक’ आणि १९८७ मध्ये ‘बॉम्बे सिटी’ हे इंग्रजी संग्रह निघाले. तोच काळ गोव्यातील भाषावादाचा होता. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत होऊन देवनागरी लिपीतील कोंकणी राजभाषा ठरली आणि मराठीच्या शासकीय वापराची तरतूद झाली. ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य बनले. कोंकणी की मराठी असा प्रश्न रस्त्यावर लढला जात असताना गोव्याचा सर्वांत लोकप्रिय तरुण गायक इंग्रजीत गात होता, ही घटना केवळ योगायोगाची मानता येणार नाही. वादातील दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेला ‘एक प्रदेश, एक भाषा’ हा सिद्धान्त गोव्याच्या प्रत्यक्ष भाषिक व्यवहारावर पुरता बसत नव्हता, याची ती साक्ष आहे.

हिंदीने या गायकाला देशभर ओळख दिली. १९८७ च्या ‘जलवा’ पासून तिची सुरुवात झाली. १९९५ मध्ये मणिरत्नम् यांच्या ‘बॉम्बे’ च्या हिंदी आवृत्तीतील ‘हम्मा हम्मा’ आणि १९९८ मध्ये ‘प्यार तो होना ही था’ चे शीर्षकगीत त्यांनी गाइले. परंतु पहिल्याचे शब्द मेहबूब यांचे व चाल ए. आर. रहमान यांची; दुसऱ्याचे शब्द समीर यांचे व चाल जतीन-ललित यांची. शिवोलीतील खोलीत जो मनुष्य कवी, संगीतकार, वादक आणि विक्रेता होता, तो येथे केवळ आवाज उरला. श्रोते सहस्रपटींनी वाढले; कर्तृत्वाचा वाटा त्याच मानाने आक्रसला. १९९८ च्या ‘ओ मेरी मुन्नी’ या हिंदी संग्रहात दोन्ही गोष्टी साधण्याचा प्रयत्न दिसतो.

बाजाराच्या या दाबावर फ्रान्सने कायद्याचा उपाय योजला. खाजगी नभोवाणी केंद्रांवरील लोकप्रिय गीतांपैकी किमान ४० टक्के गीते फ्रेंच असावीत, ही अट तेथे १९९६ च्या आरंभापासून अमलात आली. एकभाषी राष्ट्राची कल्पना जेथे दृढ आहे, तेथे असा उपाय सुचणे स्वाभाविक आहे. गोव्यात मात्र संरक्षण कोणत्या भाषेला द्यावयाचे, येथूनच विवाद सुरू होईल.

२००७ साली फर्नांडिस यांना पद्मश्री मिळाली. पुढे त्यांनी पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले. २०२१ मध्ये त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत प्रसिद्ध झाले. नागरिकत्वाच्या वार्तेवर बरीच टीका झाली. ज्याचा जन्म पोर्तुगीज अमलात झाला, ज्याचे शिक्षण भारतात झाले आणि ज्याने शिवोलीची सुखदुःखे इंग्रजीत गाइली, त्याचे ‘स्वत्व’ एका कागदावरून ठरविणे हे त्याच्या गीताची मालकी एका भाषेच्या नावे लिहून देण्यासारखेच आहे.

वसईच्या अभ्यासकाला या उदाहरणातून एक कार्यदिशा मिळते. सामवेदी अथवा कादोडी ही बोली ख्रिस्ती कुपारी आणि हिंदू सामवेदी ब्राह्मण हे दोन्ही समाज बोलतात. विरारपर्यंत पसरलेल्या महानगरात तिच्याभोवती आता मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांचा वेढा आहे. लग्नाच्या मांडवात या बोलीतील गीत कोण गातो, वाद्यवृंद कोणत्या भाषेत गातो, आणि तरुण गीतकार थट्टा कोणत्या भाषेत व शोक कोणत्या भाषेत व्यक्त करतो, याची नोंद व्हावयास हवी. बोली जगते की नाही हे केवळ तिच्या भाषकांच्या संख्येवरून कळत नाही. तिच्यात नवे गीत रचावेसे कोणाला वाटते काय, यावरूनही ते कळते. शब्दसंग्रह गोळा करणाऱ्याने गीतकारालाही गाठावयास हवे.