दुखतंय कुठं, हे आधी विचारा!

गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचे ओझे झोपेतल्या हजारो जिवांवर कोसळले.

मग आले पुनर्वसन. शेरी अर्नस्टाइन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६९ मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. 'तुम्हाला कळवले' ही खालच्या पायऱ्यांतली, 'निर्णय तुमचा' ही सर्वांत वरची. लातूर-उस्मानाबादेत या शिडीचा जिवंत धडाच मिळाला. उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसली. घरे पक्की झाली, रस्ते सरळ झाले. पण गल्लीतला, भावकीतला जुना शेजार विस्कटला.

दुरुस्तीच्या घरांचे मात्र वेगळे घडले. तिथे पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकाच्याच हाती आला. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला 'संवाद सहायक' झाल्या. घरोघरी माहिती पोचवायची, बांधकामावर लक्ष ठेवायचे, अडचण अधिकाऱ्यांपुढे मांडायची, ही कामे त्यांनी केली. शिडीची वरची पायरी या बायकांनी पुस्तक न उघडताच गाठली!

१९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूर त्याच्याच कक्षेत येते. समाजशास्त्र, व्यवस्थापन वा परिचर्या शिकणाऱ्या तिथल्या मुलामुलींना याहून जवळचा धडा कोणता? चांगली परिचारिका रुग्णाला आधी विचारते, 'दुखतंय कुठं?' योजना आखणाऱ्यांनीही सुरुवात तिथूनच करावी.